शेजाऱ्यांमधला मुक्त व्यापार करार कसा वाचावा : मागच्या पानांपासून सुरुवात

मुक्त व्यापार कराराची फाइल पहिल्यांदा उघडणारा माणूस पहिल्या पानापासून वाचायला लागतो. तिथे त्याला मैत्री, समृद्धी, परस्परलाभ हे शब्द भेटतात. मग व्याख्या येतात आणि पुढे कुठेतरी 'सदस्य राष्ट्रे टप्प्याटप्प्याने आयातशुल्क हटवतील' असे एक कलम. शुल्क गेले, असे समजून तो फाइल बंद करतो. मागची शेकडो पानांची परिशिष्टे कोणी उघडतच नाही, आणि ग्यानबाची मेख नेमकी तिथे असते.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे : करार शेपटीकडून वाचा. हे लिहिताना डोळ्यांसमोर आहे तो विद्यार्थी, अर्थविषयक बातम्या नव्याने करू लागलेला पत्रकार किंवा पहिली कन्साइनमेंट शेजारच्या देशात पाठवू पाहणारा लघुउद्योजक. सगळा करार एकदम समजून घेण्याच्या फंदात पडू नका. एकच वस्तू निवडा आणि खालच्या पायऱ्या फक्त त्या वस्तूसाठी चढत जा. एका वस्तूचा प्रवास नीट कळला की बाकीचा करार आपोआप उलगडतो.

पायरी १ : हा करार नक्की कसला आहे?

बातम्यांमध्ये सगळ्यालाच 'मुक्त व्यापार' म्हणतात. तुम्ही एकच प्रश्न विचारा : बाहेरच्या, म्हणजे करारात नसलेल्या देशाच्या मालावर प्रत्येक सदस्य आपापले शुल्क लावतो की सगळ्यांचे शुल्क एकच आहे?

आपापले असेल तर ते मुक्त व्यापार क्षेत्र. आग्नेय आशियातले आसियानचे, दक्षिण आशियातले साफ्टा, बाल्कन देशांतले सेफ्टा ही या प्रकारची उदाहरणे. एकच असेल तर तो सीमाशुल्क संघ, म्हणजे कस्टम्स युनियन. युरोपातल्या सहा देशांनी १ जुलै १९६८ रोजी तो पूर्ण केला. दक्षिण आफ्रिकेभोवतीचा संघ तर १९१० पासूनचा, आजही चालू असलेल्यांत सर्वांत जुना.

हा फरक पुस्तकी नाही. शुल्क वेगवेगळे असले की बाहेरचा माल कमी शुल्काच्या देशातून आत शिरतो आणि तिथून शेजाऱ्याकडे सरकतो. तो अडवायचा तर प्रत्येक सीमेवर 'हा माल मुळात कुठला?' हे विचारावेच लागते. म्हणजे मुक्त व्यापार क्षेत्रात शुल्क गेले तरी कस्टम्सची चौकी जात नाही. हे एवढे एक वाक्य पक्के ठेवलेत तर निम्म्या बातम्यांमधला गोंधळ तुम्हाला लगेच दिसू लागेल.

बेला बालासा या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये याची शिडीच मांडली : मुक्त व्यापार क्षेत्र, सीमाशुल्क संघ, सामायिक बाजारपेठ (मालाबरोबर माणसे आणि भांडवलही मोकळे), आर्थिक संघ (आर्थिक धोरणेही जुळवलेली) आणि शेवटी पूर्ण एकात्मता. शिडी समजायला सोपी आहे, पण प्रत्येक गट ती चढतोच असे नाही. कित्येक जण दुसऱ्या पायरीवर पाय टेकवून तिसरीच्या घोषणा करतात.

कायदेशीर बाजू थोडक्यात. एका देशाला दिलेली शुल्कसवलत सगळ्यांना द्यावी, हा जागतिक व्यापाराचा मूळ नियम. गॅट या जागतिक व्यापाराच्या मूळ कराराचे कलम २४ शेजाऱ्यांना त्यातून सूट देते. अट अशी की आपसातल्या 'जवळपास सगळ्या' व्यापारावरचे अडथळे हटले पाहिजेत. जवळपास म्हणजे किती टक्के, यावर आजवर एकमत झालेले नाही. विकसनशील देशांना १९७९ च्या एका निर्णयाने आणखी सैल वाट मिळाली आहे. तुमचा करार यांपैकी कोणत्या वाटेने नोंदवला गेला, हे जागतिक व्यापार संघटनेच्या प्रादेशिक करारांच्या संकेतस्थळावर दिसते. विकसनशीलांच्या वाटेने गेला असेल तर त्यात मोठी भोके असण्याची तयारी ठेवा.

पायरी २ : हे देश पूर्वी कधी एकत्र होते का?

नवख्यांच्या मार्गदर्शकांत ही पायरी सहसा नसते. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा थांबू.

पुष्कळ प्रादेशिक करार म्हणजे नव्याने जुळलेली मैत्री नसून मोडलेल्या घराची डागडुजी असते. युगोस्लाव्हिया, सोव्हिएत संघ, मध्य अमेरिका, पूर्व आफ्रिका या सगळीकडे आधी एक बाजारपेठ होती, ती फुटली आणि मग पुन्हा जोडण्याची खटपट सुरू झाली. अशा ठिकाणी रेल्वेमार्ग, तांत्रिक मानके, कधी भाषासुद्धा सामायिक उरलेली असते. त्यांच्याबरोबर जुना हिशेबही उरलेला असतो : मागच्या वेळी कारखाने कोणाकडे गेले आणि बाजार कोण बनून राहिला?

पूर्व आफ्रिकेचे उदाहरण घ्या. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी १९६७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय स्थापन केला. रेल्वे, बंदरे, टपाल, विमानकंपनी सगळे सामायिक. पण उद्योग केनियात एकवटत गेले. टांझानिया समाजवादी वाटेने निघाला आणि १९७१ मध्ये युगांडात इदी अमीनने सत्ता बळकावल्यावर तिघांच्या प्रमुखांनी एका टेबलाशी बसणेही अवघड झाले. १९७७ मध्ये समुदाय कोसळला. मालमत्तेच्या वाटणीसाठी व्हिक्टर उम्ब्रिख्त या स्विस मध्यस्थाला आणावे लागले आणि वाटणीचा करार व्हायला १९८४ उजाडले. भावकीतले वाटे व्हावेत तसे सात वर्षे इंजिने, इमारती आणि कर्जे मोजली गेली. विशेष म्हणजे १९६७ मध्येच स्थापन झालेली पूर्व आफ्रिकी विकास बँक या पडझडीतून वाचली.

३० नोव्हेंबर १९९९ रोजी टांझानियातल्या अरुशा इथे या तिघांनी पुन्हा करार केला. प्रास्ताविक सोडून द्या, असे मी एरवी सांगतो, पण या कराराचे प्रास्ताविक जरूर वाचा. जुना समुदाय का मोडला, हे त्यात सरळ लिहून ठेवले आहे : राजकीय इच्छाशक्तीचा अभाव, खासगी क्षेत्राचा आणि नागरी समाजाचा अपुरा सहभाग, आणि फायद्याची असमान वाटणी. आपल्या अपयशाची कारणे स्वतःच्याच करारात नोंदवणारी सरकारे विरळा.

आणि त्यातून ते काही शिकलेही. २००५ मध्ये सीमाशुल्क संघ सुरू झाला तेव्हा युगांडा आणि टांझानियाचा माल केनियात लगेच शुल्कमुक्त झाला. केनियाच्या ठरावीक मालावर मात्र त्या दोघांनी पाच वर्षे उतरत्या दराने शुल्क चालू ठेवले. बलवान शेजाऱ्याने दार आधी उघडायचे आणि दुबळ्याने सावकाश, असा हा हिशेब. तुमच्या करारात असा उतार आहे का, ते बघा. सदस्यांच्या आकारात मोठी तफावत असूनही सगळ्यांना एकच वेळापत्रक असेल, तर तो करार किती टिकेल याची मला शंका वाटते.

पायरी ३ : वस्तूचा एचएस कोड काढा

कस्टम्सला वस्तूचे नाव कळत नाही, कोड कळतो. एचएस ही मालाच्या वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय पद्धत. तिच्या कोडचे पहिले सहा अंक जवळपास जगभर सारखे असतात. पहिले दोन म्हणजे प्रकरण, चार म्हणजे शीर्षक, सहा म्हणजे उपशीर्षक. त्यापुढचे अंक ज्या त्या देशाचे. न भाजलेली कॉफी ०९०१११ आणि भाजलेली ०९०१२१, हे लक्षात ठेवा. पाचव्या पायरीवर लागणार आहे.

कोड अंदाजाने ठरवू नका. कस्टम्सच्या वर्गीकरणातली एक पायरी चुकली की पुढचे सगळे चुकते. बऱ्याच देशांत वर्गीकरणाबद्दल आगाऊ लेखी निर्णय मागता येतो. तो मिळत असेल तर घ्याच.

पायरी ४ : शुल्काचे वेळापत्रक आणि वगळलेल्यांची यादी

आता परिशिष्टात तुमचा कोड शोधा. त्यासमोर मूळ दर असेल आणि एखादे अक्षर किंवा आकडा : लगेच शून्य, पाच वर्षांत शून्य, दहा वर्षांत शून्य, किंवा काहीच नाही. करार लागू झाल्याच्या तारखेपासून वर्षे मोजा, सही झाल्याच्या तारखेपासून नव्हे. या दोन तारखांत वर्ष-दीड वर्षाचे अंतर सहज पडते.

मग एक काम करा जे बहुतेक जण विसरतात. करार नसता तर त्या वस्तूवर किती शुल्क लागले असते, ते बघा. ते आधीच शून्य असेल तर तुमच्या वस्तूसाठी हा करार म्हणजे बोलाचीच कढी. दोन-तीन टक्के असेल तरी प्रमाणपत्रे आणि नोंदी यांचा खर्च सवलत गिळून टाकू शकतो.

वगळलेल्या किंवा संवेदनशील मालाची यादी वेगळ्या परिशिष्टात असते. 'नव्वद टक्के वस्तू शुल्कमुक्त' असा मथळा दिसला की विचारा : नव्वद टक्के कोड की नव्वद टक्के व्यापार? एचएसमध्ये पाच हजारांहून अधिक उपशीर्षके आहेत. दोन शेजाऱ्यांमधला प्रत्यक्ष व्यापार मात्र अनेकदा मोजक्या वस्तूंत एकवटलेला असतो. तेवढ्याच वस्तू यादीत टाकल्या की उरलेल्या हजारो कोडवर उदारपणा दाखवायला काहीच लागत नाही. आफ्रिकी खंडीय मुक्त व्यापार क्षेत्राची आखणी करणाऱ्यांना हे ठाऊक होते. तिथे तीन टक्क्यांपर्यंत कोड पूर्ण वगळता येतात, पण त्या वगळलेल्या मालाचे मूल्य आफ्रिकेतून होणाऱ्या आयातीच्या दहा टक्क्यांहून जास्त असता कामा नये. दुसरी अट नसेल तर पहिलीला फारसा अर्थ नाही.

पायरी ५ : मूळ देशाचे नियम

रूल्स ऑफ ओरिजिन. इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

सवलत शेजाऱ्याच्या मालाला आहे, शेजाऱ्याकडून आलेल्या मालाला नाही. माल शेजाऱ्याचा कधी मानायचा? तिथेच पिकलेला, खणून काढलेला किंवा पकडलेला असेल तर प्रश्न नाही. बाहेरचा कच्चा माल वापरला असेल तर साधारणपणे तीनपैकी एक किंवा दोन कसोट्या लागतात : कोड बदलला का, किमतीचा पुरेसा हिस्सा सदस्य देशातला आहे का, आणि ठरवून दिलेली प्रक्रिया तिथे झाली का.

कोडची कसोटी अशी चालते. चार अंकी शीर्षक बदलले पाहिजे, अशी अट असेल तर बाहेरून आणलेली कॉफी भाजून विकणारा अडकतो, कारण भाजण्याआधी आणि नंतरही शीर्षक ०९०१ च. सहा अंकी बदल पुरत असेल तर तोच माल पास होतो. उलट कोको बिया १८०१ मध्ये आणि चॉकलेट १८०६ मध्ये, त्यामुळे चॉकलेटवाला दोन्हीकडे सुटतो. म्हणजे चार की सहा, या एका आकड्यावर एखाद्या देशातला धंदा उभा राहतो किंवा राहत नाही. वाटाघाटीत या आकड्यांसाठी महिनोन्‌महिने खल चालतो, तो उगाच नाही.

किमतीच्या कसोटीचे गणित करून बघा. वस्तूची निर्यात किंमत १००, त्यातला बाहेरचा कच्चा माल ५५. सदस्य देशातला हिस्सा ४५ टक्के. आसियानमध्ये नेहमीची अट ४० टक्क्यांची आहे. तिथे हा माल चालेल. आता कच्चा माल महागून ६२ वर गेला आणि विक्रीची किंमत तीच राहिली. हिस्सा ३८ टक्के. कारखाना तोच, कामगार तेच, यंत्रे तीच, आणि माल एका रात्रीत परका झाला. चलनाचा दर घसरला तरी हेच होते. म्हणून हे गणित एकदाच करून फाइलला लावून ठेवू नका. उत्तर अमेरिकेत तर मोटारींसाठीची अट जुन्या करारातल्या ६२.५ टक्क्यांवरून २०२० पासून लागू झालेल्या नव्या करारात टप्प्याटप्प्याने ७५ वर नेली गेली.

नियमांत फट राहिली की काय होते, हे भारत-श्रीलंका करारात दिसले. तो २००० मध्ये लागू झाला. श्रीलंकेत पामतेलावर शुल्क कमी, भारतात जास्त. पामतेलाचे शीर्षक १५११, त्यापासून केलेल्या वनस्पती तुपाचे १५१६. शीर्षक बदलले, कसोटी पार झाली. परदेशातले पामतेल श्रीलंकेत आणायचे, त्याचे वनस्पती तूप करायचे आणि शुल्कसवलतीत भारतात पाठवायचे, असा उद्योगच उभा राहिला. कायदा कुठेही मोडला नव्हता. शेवटी वनस्पतीच्या आयातीवर प्रमाणाची मर्यादा घालावी लागली. अशा वेळी शेजाऱ्याला लबाड म्हणण्यात अर्थ नसतो. दोन देशांच्या शुल्कातली दरी हेच त्या धंद्याचे भांडवल होते.

आणखी एक शब्द शोधा : संचयन, म्हणजे क्युम्युलेशन. दुसऱ्या सदस्य देशाचा कच्चा माल आपलाच मानता येतो का? येत असेल तर तीन देशांत मिळून एक वस्तू घडवता येते. जुन्या युगोस्लाव्हियाच्या परिसरात आधी जोडी-जोडीने केलेले करार होते. त्यांतला तिसरा शेजारी परकाच ठरण्याचा धोका असे. १९ डिसेंबर २००६ रोजी बुखारेस्टमध्ये सह्या झालेल्या सेफ्टाने असे ३२ द्विपक्षीय करार एका करारात आणले. एकेकाळी एकाच देशात चालणाऱ्या पुरवठासाखळ्या पुन्हा जोडायच्या तर शुल्कसवलतीइतकीच ही गोष्ट लागते.

शेवटी कागद. मूळ देशाचे प्रमाणपत्र कोण देतो, निर्यातदाराने स्वतः जाहीर केलेले चालते का, माल तिसऱ्या देशातून गेला तर सवलत उरते का, आणि पुरावे किती वर्षे जपायचे, हे चार मुद्दे लिहून काढा. कागद नसेल तर अस्सल स्वदेशी मालालाही पूर्ण शुल्क बसते.

पायरी ६ : सीमेवर जाऊन बघा

ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या २०२१ पासूनच्या करारात शुल्क शून्य, कोटाही नाही. तरी मूळ देशाचे नियम आले, घोषणापत्रे आली आणि अन्नपदार्थांच्या आरोग्य-तपासण्याही आल्या. जिथे पूर्वी ट्रक थांबतही नव्हता, तिथे एक फाइल उभी राहिली.

तेव्हा विचारा : एका देशातल्या प्रयोगशाळेचा अहवाल दुसरा देश मानतो का? चौकी किती तास उघडी असते? ट्रकला पलीकडे जायला परवानगी आहे की सीमेवर माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो? माल एखाद्या देशातून नुसता पुढे नेण्यासाठी, म्हणजे ट्रान्झिटसाठी, किती हमी ठेवावी लागते? झांबिया आणि झिंबाब्वे यांच्यामधल्या चिरुंडू इथे २००९ मध्ये दोन्ही देशांची तपासणी एकाच ठिकाणी सुरू झाली. आफ्रिकेतली ती पहिली संयुक्त चौकी. अशी चौकी एखाद्या टक्क्याच्या शुल्ककपातीपेक्षा व्यापाऱ्याला जास्त मोलाची वाटू शकते. आफ्रिकेतल्या तीन गटांनी तर सीमेवरच्या अडवणुकीच्या तक्रारी ऑनलाइन नोंदवण्याची सोय केली आहे. त्या तक्रारी वाचल्या की करारातल्या कलमांचे सीमेवर काय होते, ते कळते.

पायरी ७ : फायदा कोणाच्या खिशात?

अर्थतज्ज्ञ जेकब वायनर यांनी १९५० मध्ये एक भेद दाखवून दिला, तो आजही कामाला येतो. एक वस्तू देशात १०० ला बनते, शेजारी ८५ ला देतो, दूरचा देश ७५ ला. सगळ्यांवर शुल्क २०. म्हणजे शेजाऱ्याची १०५ ला पडते आणि दूरच्याची ९५ ला. गिऱ्हाईक दूरची घेते आणि तिजोरीत २० जमा होतात. आता शेजाऱ्याशी करार झाला. त्याची वस्तू ८५ ला मिळू लागली, दूरची ९५ लाच. गिऱ्हाईक १० वाचवते, तिजोरी २० गमावते. व्यापाराचे आकडे वाढतील, मंत्री ते सांगतील, पण या व्यवहारात देशाने स्वस्त पुरवठादार सोडून महाग धरला. याला व्यापार वळणे म्हणतात. देशातला १०० वाला बंद होऊन त्याची जागा ८५ वाल्याने घेतली असती, तर ती व्यापारनिर्मिती.

जिथे सरकारचे उत्पन्न आयातशुल्कावर बरेच अवलंबून आहे, तिथे हा प्रश्न पगार आणि शाळांपर्यंत जातो. दक्षिण आफ्रिकेभोवतीच्या संघात सदस्यांचे शुल्क एका सामायिक तिजोरीत जाते आणि सूत्रानुसार वाटले जाते; लेसोथोसारख्या देशाच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा हिस्सा तिथून येतो. वाटपाचे असे सूत्र आहे का, ते पाहा.

पायरी ८ : भांडण झाले तर?

संरक्षक उपाय, अपवाद आणि बाहेर पडण्याची कलमे वाचा. आयात अचानक वाढली तर शुल्क परत आणता येते का, किती काळ, भरपाई द्यायची का? 'राष्ट्रीय सुरक्षा' या अपवादाची व्याख्या किती सैल आहे?

मग कागद बाजूला ठेवून अलीकडचा इतिहास बघा. सेफ्टाचे सदस्य असूनही कोसोव्होने नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्बिया आणि बोस्नियाच्या मालावर १०० टक्के शुल्क लावले. ते २०२० मध्ये हटले. युक्रेनचा युरोपीय संघाशी व्यापार करार लागू होताच, १ जानेवारी २०१६ पासून रशियाने जुन्या सोव्हिएत देशांमधल्या मुक्त व्यापार कराराची सवलत युक्रेनसाठी थांबवली. पूर्व आफ्रिकी समुदायात २०१० पासून सामायिक बाजारपेठ आहे, अरुशाला न्यायालयही आहे. तरीसुद्धा रवांडा आणि युगांडा यांच्यामधली गातुना इथली मुख्य सीमा फेब्रुवारी २०१९ पासून जानेवारी २०२२ पर्यंत जवळपास बंद होती. तिन्ही वेळा भांडण मालाचे नव्हते, राजकारणाचे होते. माल फक्त हाताशी सापडला. म्हणून एकाच शेजाऱ्यावर सगळी विक्री उभी करणाऱ्या उद्योजकाने करारातल्या कलमांइतकाच त्या दोन राजधान्यांमधला संवादही वाचत राहावा.

पायरी ९ : दोन-तीन वर्षांनी फाइल पुन्हा उघडा

सवलतीच्या दराने प्रत्यक्षात किती माल आला आणि कितीने सवलत मागितलीच नाही, हा आकडा मिळवा. सवलतीचा वापर कमी असेल तर कारण बहुधा चौथ्या किंवा पाचव्या पायरीवर सापडते : फरक फार कमी किंवा कागद फार जास्त. संयुक्त समितीच्या बैठकांची इतिवृत्ते मिळाली तर चाळा. याद्या आणि मूळ देशाचे नियम तिथे गाजावाजा न होता बदलतात.

शिवाय एचएस कोड साधारण पाच वर्षांनी सुधारले जातात. सध्याची आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासूनची आहे, तर तुमच्या कराराची परिशिष्टे एखाद्या जुन्या आवृत्तीत लिहिलेली असू शकतात. कस्टम्सच्या संगणकात नवा कोड आणि कराराच्या यादीत जुना, अशी गाठ पडली की सवलत असूनही माल बंदरात अडकतो. आवृत्ती कोणती ते परिशिष्टाच्या पहिल्याच पानावर बहुधा लिहिलेले असते. ते आधी बघा आणि जुन्या-नव्या कोडचा तुलनातक्ता छापून हाताशी ठेवा.